पाखऱ्याचा पाय

दिवाळीच्या सुट्टीत पोरं किल्ले करतात, फटाके उडवतात. बद्रीनाथची नात मोनिका मात्र पुण्याहून ब्रश, भिंग आणि छोटी हातोडी घेऊन आली. वेरूळला माणसं लेणी बघायला येतात. हिला गावाबाहेरचा आजोबांच्या शेतातला नाला बघायचा होता.

"आपला काळा खडक लाव्हाचा आहे आजोबा, त्यात जीवाश्म नसतात. पण नाल्याच्या गाळात असू शकतात. हजारो वर्षं पुरून दगड झालेली हाडं," असं तिनं आल्या आल्या सांगून टाकलं.

बद्रीनाथनं मान डोलावली. त्याला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण पोरगी आली हेच लई झालं. मागच्या दोन सुट्ट्या ती फिरकलीच नव्हती. गावात करमत नाही म्हणे.

यंदाच्या पावसात नाल्याचा काठ ढासळला होता. तिथंच एका सकाळी बाभळीखाली मोनिकाला हाड सापडलं. चांगलं हातभर लांब, मातीनं काळपट पडलेलं. टॉवेलात गुंडाळून ती धावत घरी आली. आजीनं, सरूबाईनं, तिला दारातच अडवलं. "हाडूक घरात नको गं बाई," म्हणाली. मग ते ओट्यावर ठेवलं. मोनिकानं लगेच वडिलांना फोन लावला आणि गोकुळनंही तिकडून ठरवून टाकलं: संभाजीनगरात ओळखीचे एक प्राध्यापक आहेत, उद्याच न्यायला येतो, जाता जाता त्यांना दाखवू.

बद्रीनाथनं हाड पाहिलं आणि लगेच ओळखलं. डावा मागचा पाय. मधोमध गाठ. आपल्या हातानं बांधलेला पाय माणूस विसरतो होय?

त्याचा बैल पाखऱ्या गोऱ्हा असताना बांधावरून पडला नि पाय मोडून बसला. सगळं गाव म्हणालं, आता ह्याचा काही उपयोग नाही. बद्रीनाथनं कुणाचं ऐकलं नाही. बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला, गोठ्यात त्याच्याजवळच अंथरूण टाकलं. पुढं तो थोडा लंगडायचा, पण नांगराला कधी मागं सरला नाही. म्हातारा होऊन मेला तेव्हा बद्रीनाथनंच बाभळीखाली खड्डा घेतला, मीठ घातलं, अंगावर नवं धोतर पांघरलं आणि माती लोटली. चार माणसं बघत होती, म्हणून रडला नाही. ते रडणं राहूनच गेलं.

आता बोलावं तर पोरीचं तोंड एवढंसं होणार, आणि मग ती पुन्हा कशाला येते इथं? न बोलावं तर उद्या शहरात तिचं हसं होणार, वर पाखऱ्याचा पाय पिशवीत घालून परगावी जाणार. म्हाताऱ्याची पुरती पंचाईत झाली.

सरूबाईनंही ओळखलं होतं. चहा देताना ती हळूच म्हणाली, "सांगून टाका."

"तूच सांग की."

"मी का म्हणून? बैल तुमचा लाडका."

दुपारी मोनिका ओट्यावर बसून ब्रशनं माती झाडत होती. बद्रीनाथ शेजारी टेकला. आता सांगतोच, असं त्यानं ठरवलं.

"आजोबा, ही गाठ बघा," मोनिकाच बोलली. "याचा पाय लहानपणी मोडला असणार, मग जुळला. पण पाय मोडलेलं जनावर रानात जगत नाही. याला कुणीतरी कितीतरी दिवस खायला आणून दिलं असणार. जपलं असणार."

बद्रीनाथच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं. इतक्या वर्षांत त्या पायाबद्दल इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

"मीच दिलं, बाळा," तो म्हणाला. "आपला बैल हाय हा. तिथं मीच पुरला त्याला. सकाळीच सांगायला पायजे होतं. धीर झाला नाय."

मोनिकानं हाडाकडं पाहिलं. ब्रश खाली ठेवला. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. बद्रीनाथला वाटलं, गेली पोरगी हातची.

मग तिनं विचारलं, "म्हणजे हजारो वर्षांचा नाही?"

"नाय गं. तुझ्या जन्माच्या थोडा आधी गेला."

"नाव काय होतं?"

"पाखऱ्या."

"लंगडायचा?"

"व्हय, जरासा. उताराला जास्ती." आणि म्हातारा बोलायलाच लागला. पाय कसा बांधला, पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा कसा थरथरत होता, बद्रीनाथच्याच खांद्यावर मान टाकून कसा झोपायचा. सरूबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी हलली नाही.

तेवढ्यात गोकुळचा फोन आला. उद्या लवकर निघायचंय, हाड नीट बांधून ठेव, म्हणाला.

"पप्पा, त्या सरांना नको म्हणून सांगा," मोनिका म्हणाली. "हाड आपल्या पाखऱ्याचं आहे. मी आणि आजोबा ते परत जाग्यावर ठेवणार आहोत. आणि उद्या न्यायला येऊ नका."

"का गं? तुला तर तिथं करमत नाही ना?"

"नका येऊ पप्पा. आजोबांचं अजून अर्धंच सांगून झालंय."