गोदाबाईंचे उपास

गोदाबाईंचे उपास मला तोंडपाठ होते. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. कर्वेनगरात आमची दारं समोरासमोर. त्यांच्याकडून मेथांबा यायचा, चकल्या यायच्या, आम्ही बोटं चाटत खायचो. माझा डबा गेला की मात्र, "अगंबाई, हिराताई, आज नेमका माझा उपास!"

मी पडले भोळी. वाटलं, असेल बाई उपास. म्हणून मग साबुदाण्याची खिचडी शिकले. हळद नाही, मोहरी नाही, नुसती जिऱ्याची फोडणी. आमच्या यांनी, कचरूरावांनी, टोमणा मारलाच. "हिराबाई, आपण धम्मदीक्षा घेतलेली माणसं. आपल्या घरात एकादशी कधीपासून?"

"गप बसा. शेजारणीसाठी आहे," मी म्हटलं.

व्रतंवैकल्यं मला ठाऊक नाहीत. बरोबर बसून जेवलं की माणूस आपलं होतं, एवढंच मी मानते. गोदाबाईंनी एकदा माझ्यासमोर माझ्या हातचा घास खावा, बस्स, एवढीच माझी हौस. खिचडीसुद्धा त्यांनी "नंतर खाते हं" म्हणत आत नेली. डबा लख्ख घासून परत आला, रिकामा देऊ नये म्हणून आत दोन पेरू.

त्यांचे हिंमतराव मात्र दिलखुलास. आमच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या पिठलं-भाकरी चापायचे आणि म्हणायचे, "वहिनी, हिला सांगू नका." मला वाटायचं, डॉक्टरांनी तिखट बंद केलं असेल.

ते गेले त्या बुधवारी मी रडत रडत तेच पिठलं केलं. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही. स्मशानातून माणसं परतली की शेजाऱ्यांनी कडू घास न्यायचा आणि घरच्यांना जवळ बसून खायला लावायचं. आमच्यातही हेच, त्यांच्यातही हेच. म्हटलं, आज तरी माझ्या हातचं खातील.

दारात त्यांची सून श्रद्धा उभी होती. डब्याकडे बघून हळूच म्हणाली, "काकू, आईंचा आज उपास आहे."

बुधवारी? त्या दिवशी ना चतुर्थी होती ना एकादशी, हे अख्ख्या बिल्डिंगमध्ये माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? श्रद्धाच्या खांद्यावरून आतलं दिसत होतं. वरच्या मजल्यावरची स्पृहा गोदाबाईंना भाकरीचा तुकडा भरवत होती. गोदाबाईंनी मला पाहिलं. मान खाली घातली आणि पुढच्या घासाला तोंड उघडलं.

डबा घेऊन घरी आले. यांनी दोन ताटं घेतली. पिठलं फक्कड झालं होतं, पण मी ताट बाजूला सारलं. नुसता संताप संताप झाला. इतकी वर्षं मी मेली कॅलेंडरात त्यांच्या चतुर्थ्या बघत बसले, आणि त्यांना उपास होता तो माझ्या हातचा!

तेराव्याला श्रद्धा डबा घेऊन आली. "काकू, आईंनी बुंदीचे लाडू दिलेत. तुम्हाला आवडतात म्हणून मुद्दाम."

आवडतात. फार आवडतात. मी डब्याला हात लावला नाही.

"आईंना सांग, हिराकाकूंचा उपास आहे."

श्रद्धा गोंधळली. "तुमचा? तुम्ही कधीपासून उपास करायला लागलात?"

"त्या बुधवारपासून," म्हटलं आणि दार लावून घेतलं.