एकोणीस कवळ्या

फळीवर एकोणीस कवळ्या तयार होत्या. या आठवड्यात द्यायच्या होत्या सहा. उरलेल्या तेरांपैकी चार तर पुढच्या महिन्याच्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, आणि सगळं काम काकांचं.

त्या दातांच्या कारखान्यात कवळी वेळेआधी कधी होत नसे. काकांच्या हातची तर वेळेवरही नाही. त्यामुळे मालक खूश. "बघा, म्हातारपणी पालवी फुटली!"

काकांसह चौघा कारागिरांत वयाने लहान म्हणून जिला सगळे धाकटी म्हणत, तिच्या मनात मात्र पाल चुकचुकली. काकू जाऊन वर्ष झालं होतं. नजर अधू झाल्यापासून काकांच्या पाच कवळ्या परत आल्या होत्या. डबा ते उघडत आणि तसाच मिटत. आणि दात रंगवायचा जो ब्रश बावीस वर्षं कुणाला शिवू दिला नव्हता, तो काल त्यांनी तिच्या हातात ठेवला: "राहू दे तुला."

"मी त्यांना सरळ विचारते," ती मालकांना म्हणाली.

"काय?"

"जीव द्यायचं मनात आहे का, ते."

"वेडी आहेस का? नसलेलं डोक्यात भरवशील. बरं चाललंय त्यांचं."

"बरं चाललं असतं तर उशीर झाला असता."



जेवणाच्या सुट्टीत ती काकांशेजारी बसली. "काका, ही आवराआवर कशासाठी? मरायचा विचार येतोय का?"

काकांनी हातातली कवळी पुसून फळीवर ठेवली. "माझ्यामागे कुणाचं काम अडायला नको. झोप म्हणशील तर दोन महिने नाही." मग म्हणाले, "विचारलंस ते बरं केलंस. इतके दात घडवले, पण हे काही दातांबाहेर पडेना."

तिने काकांच्या बहिणीला फोन लावला आणि आक्का येईपर्यंत जागची हलली नाही. मालकांनी स्वतः गाडी काढून तिघांना दवाखान्यात नेलं. वाटेत ते एकदाच बोलले: "परत आलेल्या कवळ्यांवरून फार टोचून बोललो का हो?"

"हो," काका म्हणाले.

डॉक्टरांनी नऊ प्रश्नांचा कागद पुढे केला. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. जितके जास्त, तितकं मन खचलेलं. काकांची बेरीज तेवीस आली. गोळ्या सुरू झाल्या, मुक्काम आक्काकडे हलला. रंगकाम धाकटीने घेतलं, साचे काकांनी. दर गुरुवारी तपासणी.

दहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी तोच कागद भरून घेतला. बेरीज अकरा. मरणाच्या विचारांबद्दलच्या नवव्या प्रश्नाला शून्य.