नुसता पुसलेला बोअर

अवो पावणं, जरा वाकून बघा की! ह्या ड्रॉवरमधी, गंजक्या पान्यांच्या खाली. मी होन बोलतोय, इंजिन आतनं घासायचं हत्यार. तीन स्प्रिंगचं पाय, पायांना दगडाच्या पट्ट्या, वर दांडा. दांडा ड्रिलमधी अडकवला की मी गरागरा फिरायचो!

शाहूपुरीतल्या ईरप्पा मिस्त्रीच्या गॅरेजात त्र्याण्णव साली आलो. इंजिनात पिस्टन ज्या गोल नळीत खाली-वर पळतोय, तो बोअर. वापरून त्येची भिंत काचंगत गुळगुळीत हुती, मग तेल ठरत न्हाय. ईरप्पा मला तेलात बुडवून आत सोडायचा. ड्रिल सावकाश, हात एका लयीत खाली-वर. भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी उठायची, विणल्या बुट्टीगत. तिच्यात तेल टिकतंय.

"होन मारला म्हंजे झालं न्हवं," ईरप्पा म्हणायचा. "खरं काम धुण्याचं."

कारण माझी दगडाची भुकटी रेघांत बसती. डिझेलनं पुसली तर वरनं चकचकीत, आत तशीच! गरम पाणी, साबण, ब्रश. पांढरं फडकं काळं व्हायचं थांबस्तवर धुवायचं.

सत्त्याण्णव साली पेठ वडगावच्या आकारामची, सीटं भरून न्ह्यायची वडापची जीप आली. चालवायचा धाकटा भाऊ बाळासो. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, नृसिंहवाडीची सीटं ठरल्याली. आनि इंजिन चालू करायला भटजीनं त्याच संध्याकाळी पाचचा मुहूर्त दिलता.

होन मारून झाला तवा अकरा वाजलं. पाणी अजून स्टोव्हवर. आकाराम नारळ घिऊनच उभा.

"मिस्त्री, जोडायलाच दिवस जातोय. पाणी तापस्तवर मुहूर्त गेला की! पुसा नि जोडा."

"तम्मा, भावा, धुवायलाच पायजे," ईरप्पा म्हणाला.

"दादा, थांब की," बाळासो हसला. "मिस्त्री नवरदेवाला न्हाऊ घालतोय!"

"गप बस. मुहूर्त चुकला तर जबाबदार कोण, तू?"

ईरप्पानं स्टोव्ह बंद केला. डिझेलचा बोळा फिरवला. मी टेबलावरनं बघत हुतो, वरडलो की! कोण ऐकतंय?

पाचला नारळ फुटला. एका सेल्फात जीप चालू.

आठवड्यानं बाळासो परत आला. "मिस्त्री, तुमी सांगितलंसा तसं चाळीसच्या वर न्हेली न्हाय, शप्पत! सीटं चिडवत्यात, बैलगाडी बरी म्हणत्यात. पण धूर का मारतीया?"

ईरप्पाचं तोंड उतरलं. त्येला कळलं हुतं. मला दिसलं. पण त्यो म्हणाला, "पिस्टनच्या नव्या रिंगा बसू दे. हुईल."

चौथ्या दिवशी हायवेवर इंजिन जाम झालं. चाकं जागेवर थांबली. मागं ट्रक हुता. बाळासो गेला.

इंजिन उघडायला हितंच आणलं. बोअरवर उभं ओरखडं. ईरप्पानं बोट फिरवलं, बोटावर राखाडी चिखल आला. त्यो मी हुतो.

"त्येनंच ताणली असणार," आकाराम म्हणाला. "नवं इंजिन, गडी मस्तीतला. घरात सांगितलं मी, सोताच्या मस्तीनं गेला. व्हय न्हवं, मिस्त्री?"

ईरप्पानं बोटावरचा चिखल फडक्याला पुसला.

"व्हय. आसंल."

तवापासनं मी बोअरात उतरलो की फिरता फिरता आवाज यायचा: चाळीसच्या वर न्हेली न्हाय. ईरप्पालाबी यायचा! मधीच ड्रिल थांबवून आत वाकून बघायचा. मग बोटं फुटस्तवर तीन-तीनदा धुवायचा. दोन हजार चारला त्येनं मला हितं कोंबलं. दोन वर्सांनी गेला. कुणाला बोलला न्हाय.

आता मी फिरत न्हाय, तरी आवाज येतोय. गॅरेजात कोण बोलतं ते ऐकू येतंय मला. बाळासोची बायकू तानाबाई हाय अजून. भावकी अजून म्हणती, तिच्या नवऱ्यानं मस्तीत जीव घालवला. तीबी आता तसंच म्हणती म्हणं.

पावणं, मला नगा न्हेऊ. मी कुणाच्या कामाचा न्हाय. पण वडगावाला गेलासा तर तिला एवढं सांगा: बाळासोनं गाडी ताणली न्हवती. घाण माझी हुती, आनि ती धुतली न्हाय.