नंदिनीच्या समाधीचं दूध

रविवारी सकाळीच जर्मनीतल्या नेकारसुल्म गावाबाहेरच्या एका शेतावर गाड्यांची रांग लागली होती. आसपासचे सगळे मराठी इंजिनिअर बायकामुलांसह हजर. आत्माराम महाराजांची नंदिनी गाय मेली होती आणि मेल्यावरही म्हणे दूध देत होती.

उतारावर नंदिनीची समाधी होती आणि तिच्या खालच्या अंगाला विहीर. महाराज कलशातून विहिरीचं नितळ पाणी पेल्यात ओतत. भक्ताने नळीने फुंकलं की पाण्याचं दूध! मग ते पळीभर प्यायचं. जीभ चरचरली तर महाराज सांगत, "पाप जळतंय, बाळ. जळू दे."

लुडविग्सहाफेनचे वासुदेवराव फुंकायला बसले. रसायनशास्त्रातले डॉक्टर बरं का! पेला पांढरा होताच त्यांनी डोळे मिटले. "गेनाऊ! अगदी बरोबर! हे केमिस्ट्रीच्या पलीकडचं आहे." या माणसाची पदवी काढून घ्यायला हवी होती.

मला हसायचीही सोय नव्हती. माझी बायको शिवांगी सात महिन्यांची गरोदर होती आणि पुण्याहून आलेली माझी आई तिच्यासाठी पेला घेऊन आली होती.

"आई, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको," शिवांगी म्हणाली.

"अगं, गोमातेचं दूध! त्यात काय विचारायचंय?"

शिवांगीची मैत्रीण ऊर्मिला जनावरांची डॉक्टर, सरकारी नोकरीत. तिला मी मुद्दाम आणलं होतं. ती पुढे झाली.

"महाराज, गाय कशाने गेली?"

"गाभडली आणि देह ठेवला."

"मग मेलेली जनावरं नेणारी गाडी का नाही बोलावलीत? इथे तसा कायदा आहे."

"ते राक्षस कारखान्यात शिजवतात गोमातेला! आम्ही विधिवत पुरली. वर चुना घातला."

"चुना. आल्झो, तर मग आता पाणी मी काढते, तुम्ही फुंका."

तिने बादली ओढून नवा पेला भरला. महाराजांनी फुंकलं. गाल फुगले, डोळे तांबारले, बुडबुडे आले. पाणी पाणीच राहिलं.

"इथे कुणीतरी नास्तिक आहे," ते धापा टाकत म्हणाले.

"मी आहे," मी म्हणालो. "पुन्हा फुंका."

तोवर ऊर्मिलाने त्यांचा कलश उपडा केला होता. तळाचा पांढरा गाळ गवतावर पडला. "चुन्याची निवळी! श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने पांढरी होते. शाळेत प्रत्येकाने फुंकलीय. जीभही चुन्यानेच चरचरते." वासुदेवराव आपले बूट बघू लागले.

"पण चुन्याचं सोडा," ती म्हणाली. "ही निवळी याच विहिरीच्या पाण्यात केलीय आणि वर गाय सडतेय. ती कशाने गाभडली, कुणी तपासलंय? गाईचा गर्भ पाडणारे काही आजार बाईचाही पाडतात. म्हणून मेलेलं जनावर तपासतात आणि बंद कारखान्यात दाबाखाली शिजवतात. जंतू मरावेत म्हणून."

आईने पेला गवतावर ओतला. "मी हे पोरीला पाजणार होते रे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गाय उकरून नेली. तपासणीत निघालेला आजार जनावरांकडून माणसांनाही लागणारा होता. तीर्थ प्यालेले सगळे दवाखान्यात रांगेत उभे राहिले आणि महाराज पोलिसांकडे.

काचेच्या बाटल्या रंगांप्रमाणे वेगळ्या टाकणारे आम्ही सुशिक्षित लोक पिण्याच्या पाण्यावर गाय पुरलेली पाहून हात जोडतो, याची मला लाज वाटते. गाय आवडत असेल तर ती जिवंत असताना तिच्यासाठी डॉक्टर बोलवा. मेली की गाडी बोलवा. आणि कुणी तीर्थ पुढे केलं, तर ओंजळ करण्याआधी एवढंच विचारा, पाणी कुठलं?