अर्धा जग

"हा चहा म्हणायचा? कपाचा तळ दिसतोय ह्यात."

"दिसायलाच हवा. आज पोटात जाईल ते आरपार दिसणारं हवं, असं सिस्टरने बजावलंय. दूध नाही, लाल सरबत नाही. गुमान प्या."

त्याने तोंड वाकडं करत घोट घेतला. बायकोने आधीच बिया, सालं, पालेभाज्या ताटातून हद्दपार केल्या होत्या. आज तर चावून खायच्या गोष्टीचं नावच नको. उद्या सकाळी त्याच्या आतड्यात दुर्बीण घालून तपासणी व्हायची होती.

उंच इमारतींच्या बांधकामावर क्रेन चालवण्यात त्याचा जन्म गेला होता. एकदा वर चढलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरणं नाही; म्हणून पाणी कमी प्यायचं, आणि लागलीच तर दाबून ठेवायची. साइटवर त्याला सगळे 'गरुड' म्हणत. वाऱ्याने केबिन झुलू लागली तरी त्याच्या हाताला कंप सुटत नसे. तोच गरुड गेले काही महिने संडासात रक्त दिसलं की घाईघाईने पाणी ओतून बाहेर येत होता. मूळव्याध असेल, दुसरं काय! एके दिवशी पाणी नीट पडलं नाही आणि बायकोने पाहिलं. मग तिने त्याचं काही चालू दिलं नाही.

खरी भीती वेगळीच होती. थोरला भाऊ असाच तपासणीला गेला होता. आपल्या पायांनी, हसत. आत काहीतरी सापडलं आणि वर्ष फिरायच्या आत दादा गेला. सापडलं म्हणून गेला, हे ह्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

संध्याकाळी बायकोने पोट साफ करायच्या औषधाचं पाकीट एक जग पाण्यात विरघळवलं आणि ती सफरचंदाचा गाळलेला रस आणायला बाहेर पडली. त्याने दोन ग्लास कसेबसे घशाखाली उतरवले. मिठाच्या पाण्यात संत्र्याची गोळी टाकावी तशी चव. पोट साफ नसेल तर तपासणी न करताच परत पाठवतात, असं सिस्टर म्हणाली होती. ते वाक्य सकाळपासून त्याच्या मनात घोळत होतं. तो उठला, उरलेला अर्धा जग बेसिनमध्ये ओतला आणि नळ सोडला.

बायको परतली. "संपलंसुद्धा? एवढ्यात?"

"नाक दाबून प्यालो."

ती कपड्यांच्या घड्या घालत बसली, पण कान संडासाच्या दाराकडे. तो एक-दोनदा जाऊन आला आणि आडवा झाला. ती हात धुवायला उठली, बेसिनपाशी थबकली. कडेला चिकट ओघळ होता, संत्र्याचा वास मारत होता.

"अहो, आता जुलाब बेसिनला होणार का?"

तो उठून बसला. "नाही जायचं मला. बघू पुढच्या महिन्यात."

"तेव्हा काय वेगळं असेल?"

"निदान महिनाभर तरी काही सापडलेलं नसेल!"

आवाज चढला आणि चिरकला. ती त्याच्याशेजारी येऊन बसली. "दादांना तपासणीने नाही मारलं. त्यांना वर्षभर रक्त पडत होतं. कुणाला कळू दिलं नाही त्यांनी."

"तुला कुणी सांगितलं?"

"वहिनींनी. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या. थोरल्याची लाज राखायची म्हणून. मीही तुमची अशीच लाज राखत बसू का?"

तिने दवाखान्यात फोन लावला. नवीन पाकीट आणून राहिलेला अर्धा जग प्यायला द्या, असं उत्तर आलं. ती चपला सरकवून पुन्हा बाहेर पडली. परत आली तेव्हा तो जग विसळून, ग्लास घेऊन बसला होता.

मग पोटाने उसंत दिली नाही. एकदा दारापर्यंत पोचायच्या आतच घात झाला. ती फडकं घेऊन धावली, तर त्याने ते हिसकावलं.

"माझं मी पुसतो."

"पाय लटपटतायत तुमचे."

"लटपटू देत."

तो गुडघ्यांवर बसून पुसत राहिला. तिने बादली धरली आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी गुंगी उतरल्यावर त्याला डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बसवलं. "पोट स्वच्छ होतं, त्यामुळे सगळं नीट दिसलं," त्या म्हणाल्या. "एक गाठ आहे. तुकडा तपासायला पाठवलाय. पण ऑपरेशन लागेलच, असं मला वाटतं."

त्याने हात वर केला. "थांबा, डॉक्टर. बायको बाहेर बसलीय, तिला बोलवा. तिच्या माघारी पुढचं काही ऐकायचं नाही मला."

ती आत आली. रोग्यासाठी खुर्ची एकच होती. तो टेबलाला धरून उठला.

"बस."

"अहो, पण तुम्ही..."

"बस म्हटलं ना."

ती बसली. तो तिच्यामागे गेला, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "हं, आता सांगा. पहिल्यापासून."