नाही म्हणणाऱ्याचा चहा

माक्सेन गाडीतून दोर काढत होता, तेवढ्यात गेथिननं कुऱ्हाड उलटी धरून ॲशच्या झाडाच्या बुंध्यावर ठोकून बघितलं. टेकडीकडच्या अंगाला लाकूड खणखणीत वाजलं. प्रार्थनाघराच्या फाटकाकडच्या अंगाला मात्र वाळल्या भोपळ्यावर टिचकी मारावी तसा आवाज आला. त्यानं पुन्हा ठोकलं, पण हळू. दोर काढणाऱ्या पोराला ऐकू जाऊ नये म्हणून हळू. खरं तर तिथंच कुऱ्हाड गाडीत टाकून माघारी फिरायचं. पण दिलेल्या शब्दाचा मोठेपणा एकदा डोक्यात शिरला की माणूस अडेल बैलालाही मागं टाकतो.

झाडं उतरवणं हा गेथिनच्या बापापासूनचा धंदा. वादळानं मोडलेलं, घरावर कललेलं, रोगानं पोखरलेलं झाड दिसलं की तैवी नदीच्या खोऱ्यातली माणसं त्यांच्याच दारी यायची. बापाची एक रीत होती. ज्याचे पाय जमीन सोडतात त्याचाच शब्द शेवटचा. चढणाऱ्यानं झाडाकडं बघून "नाही" म्हटलं की विषय मिटला. का म्हणून विचारायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. धंद्याच्या मालकानं थर्मास उघडायचा आणि पहिला चहा त्या नाही म्हणणाऱ्याच्या हातात द्यायचा. दुसरा मग स्वतः घ्यायचा. "चहा वतलेला परवडतो, खड्डा खणलेला परवडत न्हाई," म्हातारा म्हणायचा.

ही रीत मोडली ती गेथिननंच, आणि तीही पोटच्या पोरावर. त्याचे गुडघे कामातून गेले तेव्हापासून त्याचा पोरगा इल्तिद चढायचा. एकदा एका मेंढपाळाच्या वाड्याशी जुनं झाड उतरवायचं होतं. चार माणसं बघायला जमली होती. इल्तिदनं कमरेचा पट्टा बांधला, वर बघितलं आणि पट्टा सोडला. "न्हाई," म्हणाला. गेथिननं थर्मास उघडला, चहा ओतला आणि पोरगं हात पुढं करतंय तोवर सगळा गवतावर उपडा केला. भित्र्याला चहा कशाला, असंही वर म्हणाला. माणसं हसली. इल्तिदनं पट्टा गाडीत टाकला. महिन्याभरात न्यूझीलंडला गेला, तिकडं झाडंच उतरवतो म्हणे. नाताळाला आईला फोन करतो, बापाचं नाव काढत नाही.

एवढं झालं तरी माणसानं गप्प बसावं का नाही? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. गेथिननं त्या गोष्टीचा किस्सा केला. दारूच्या गुत्त्यात बसला की गवतावर चहा कसा ओतला ते हात उडवून सांगायचा, आणि लोकही दर वेळी हसायचे. आतून काय होत होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

इल्तिद गेल्यावर पोरं टिकेनात. एकाला पावसात बोटं गारठतात म्हणून बाजारातल्या गोदामाची नोकरी गोड वाटली. दुसऱ्याचा सोमवार कधी उगवलाच नाही. मग थंडीच्या तोंडाला माक्सेन आला. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या नेरिसचं एकुलतं एक पोर, मेंढरांमागं टेकड्या चढून मोठं झालेलं. आदल्या रात्री गुत्त्यात कोपऱ्यात बसून त्यानं तो किस्सा ऐकला होता. सकाळी किटलीला वाफ यायच्या आत बुटांना चरबी चोळून फाटकाशी हजर. गेथिननं विचारलं, उंचीची भीती हाय का, पावसात काम जमंल का. मग गंमत म्हणून विचारलं, "आन् चहा मागशील का रं?"

पोरगं हसलं नाही. "न्हाई मागणार, मालक," म्हणालं.

गेथिनला तेच उत्तर आवडलं. तेवढ्यावरच त्यानं त्याला कामावर ठेवलं. आणि पोर होतंच सोन्यासारखं. दोर एका फेकीत फांदीवरनं काढायचं, खारीगत वर जायचं, खाली उतरलं की करवतीची धार आधी बघायचं आणि मग भाकरीकडं.

आता त्या ॲशचं. काही वर्षांपासून खोऱ्यातल्या ॲशवर रोग पडलाय. वरनं झाड उभं दिसतं, आत लाकूड बिस्किटागत ठिसूळ होतं. म्हणून या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं की ॲश बघायचा तो पानं असताना. कोणती फांदी वाळली, कोणती जिती, ते पानं सांगतात. पानं गळाली की सगळ्याच फांद्या मेल्यासारख्या. प्रार्थनाघराचा कारभारी एल्विन ऐन उन्हाळ्यातच येऊन फाटकाजवळचं झाड उतरवायला सांगून गेला होता. गेथिन म्हणाला, बघू की, घाई काय. असं करता करता पानं गळाली. मग येत्या रविवारचा गाण्याचा मोठा मेळा तोंडावर आला, पाच गावची माणसं त्या फाटकातून जाणार, आणि एल्विननं सगळ्यांदेखत विचारलं की जमत नसेल तर शहरातनं माणसाला पाळण्यात बसवून वर नेणारं यंत्र मागवू का. गेथिन म्हणाला, यंत्र कशाला, शुक्रवारी झाड आडवं झालेलं दिसंल.

आणि आज शुक्रवार होता. रीतीप्रमाणं मालकानं चढणाऱ्याला विचारायचं असतं, काय म्हणतोस? गेथिननं विचारलं नाही. "चल, ऊन हाय तवर उरकू," एवढंच म्हणाला आणि फाटकाची कडी काढायला गेला.

पोर वर गेलं. कमरेचा एक दोर वरच्या बेचक्यात, दुसरा खालच्या जाड फांदीवरनं गेथिनच्या हातात. करवत सुरू झाली आणि बेचकंच कडकन फाटलं. ना वारा, ना वादळ. पोर खाली आलं तसा गेथिनच्या हातातला दोर सरसर पळाला. त्यानं मुठी सोडल्या नाहीत. हातमोजे जळाले, कातडी गेली, तरी सोडल्या नाहीत. माक्सेन बुंध्यावर आपटून माणूसभर उंचीवर लोंबकळत राहिला. मांडीचं हाड मोडलं आणि कंबरही दुखावली. पण जीव राहिला.

झालं, गेथिन गावाचा हिरो. मेळ्यात एल्विननं त्याचं नाव घेतलं. गुत्त्यात कुणी पैसे घेईना. हातांना फडकी गुंडाळलेली, त्या फडक्यांकडं बघून बाया डोळे पुसायच्या. त्याला वाटायचं, जमीन दुभंगावी. दोर धरला हे सगळ्यांनी बघितलं, आणि कुऱ्हाड उलटी धरली होती ती कुणीच बघितली नव्हती.

मग माक्सेनची आई नेरिस घरी आली. फडक्यात गुंडाळून बेदाण्याचा केक घेऊन आली. टेबलावर ठेवून म्हणाली, पोरगं उठता-बसता तुमचंच नाव घेतंय, मालकानं वाचवलं म्हणतंय. डॉक्टर म्हणतात उन्हाळ्यापातुर चालंल, झाडावर चढायचं मात्र विचारू नका.

गेथिननं केककडं बघितलं. आता गिळलं तर जन्मभर गिळावं लागणार, हे त्याला कळलं.

"नेरिस, म्या ठोकून बघितलं व्हतं," तो म्हणाला. "झाड पोकळ वाजलं. म्या पोराला सांगितलं न्हाई."

 नेरिसनं केक पुन्हा फडक्यात बांधला, गाठ मारली, काखेत घेतला.

"मला कशाला सांगताय?" दारातनं ती म्हणाली. "पाय माझा मोडलाय व्हय? त्याला सांगा. मी न्हाई सांगायची."

दुसऱ्या दिवशी गेथिन बसनं दवाखान्यात गेला. गाडीचं चाक त्या हातांनी धरवत नव्हतं. जाताना सवयीनं थर्मास भरून घेतला होता, का ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. माक्सेन पाय टांगून पडला होता. मालकाला बघून पोराचं तोंड फुललं, आणि गेथिनला तेच सोसवेना. बसायच्या आतच तो बोलून मोकळा झाला.

"पोरा, ते झाड पोकळ हाय हे मला ठावं व्हतं. तू दोर काढत व्हतास तवा म्या ठोकलं व्हतं."

माक्सेननं छताकडं बघितलं. "मलाबी ठावं व्हतं."

"तुला?"

"तुमी फाटकाची कडी काढाय गेला तवा मीबी ठोकलं. घरी कुणाला बोललो न्हाई. तुमीबी बोलू नगा."

"आरं, मग न्हाई का म्हणाला न्हाईस?"

 पोराच्या बोलण्यात राग नव्हता, आणि राग असता तर गेथिनला बरं वाटलं असतं. "तुमी इल्तिदचा चहा वतला व्हता न्हवं गवतावर," ते म्हणालं. "आन् म्या पैल्या दिशीच सांगितलं व्हतं, मागणार न्हाई म्हणून."

 गुत्त्यातली ती सगळी हसणारी तोंडं गेथिनच्या डोळ्यांपुढं उभी राहिली, आणि कोपऱ्यात न हसता बसलेलं हे एक पोर.

"आता म्हण," तो म्हणाला.

"काय?"

"न्हाई म्हण."

"आता म्हणून काय उपेग, मालक?"

"माझ्यासाठी म्हण."

माक्सेननं त्याच्याकडं बघितलं. म्हातारा रडत होता, आणि डोळे पुसायला त्याला धड हात नव्हते.

"न्हाई," पोरगं हळूच म्हणालं. "त्या झाडावर न्हाई चढणार."

गेथिननं का म्हणून विचारलं नाही. फडक्यात गुंडाळलेल्या हातांनी थर्मासचं झाकण फिरवता फिरवता त्याला घाम फुटला. थोडा चहा पांढऱ्या चादरीवर सांडला, कपात उतरला तेवढा त्यानं पोराच्या हातात दिला.

माक्सेननं घोट घेतला. "गार झालाय," म्हणाला. पण सगळा प्याला, आणि कप परत देताना म्हणाला, आता दुसरा तुमी घ्या.

गेथिननं थर्मासात वाकून बघितलं. चहा होता, पण इल्तिदचा पहिला अजून द्यायचा राहिला होता. त्यानं झाकण घट्ट लावलं आणि थर्मास पिशवीत ठेवून दिला.