डांबरी कड्याखालची भरती

त्या जूनमध्ये माझी भाची ओडील हिला मी होडीतून डांबरी कड्यापाशी घेऊन गेलो. आठवडाभराचं काम आहे, असं ती म्हणाली होती. आमची नदी पुढे अथाबास्का या मोठ्या नदीला मिळते; त्याआधीच्या एका वळणावर ऐंशी हात उंच काळा कडा आहे. ऊन चढलं की त्यातून डांबर पाझरतं. आमच्या मेटी, म्हणजे आदिवासी आणि गोऱ्यांच्या मिश्र वंशाच्या, लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यानं होड्यांच्या फटी बुजवल्या. ओडील मात्र शिकून दगडांची जाणकार झालेली.

तिच्या मते तो कडा म्हणजे अकरा कोटी वर्षांपूर्वीच्या एका नदीच्या वळणात साठलेला गाळ. तिरके थर दिसत होते: वाळू, त्यावर बोटभर चिखल, पुन्हा वाळू.

"हा चिखल भरतीनं आणलाय, मामा. समुद्र जवळच होता."

"इथून समुद्र गाठायचा तर माझ्या दोन होड्या झिजतील."

"तेव्हाचा समुद्र रे मामा! तुझ्या जन्माच्याही आधीचा, म्हणजे बघ किती जुना."

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला बघतो तर काठावर ओढून ठेवलेली होडी तरंगत होती. पाऊस नव्हता. वर कुठे बर्फ वितळला असेल, असं मी म्हटलं. थोड्या वेळानं पाणी उतरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढलं. त्याच्या पुढच्या दिवशीही.

"काल पाणी चढलं तेव्हा किती वाजले होते?" ओडीलनं विचारलं.

"दोन पन्नास."

"आणि आज?"

"तीन चाळीस. का?"

तिनं बोटांवर हिशेब केला. "रोज पन्नास मिनिटं उशिरा. नदी अशी चढत नाही, मामा. समुद्र चढतो."

तिनं पाण्यात बोट बुडवून चाटलं. मग मी चाटलं. खारट होतं.

"सामान भर. निघायचं," मी म्हणालो.

"उद्या अमावास्या. उधाणाची भरती येईल. एकच दिवस, मामा. पाया पडते."

तिच्या आईनं तिला माझ्या भरवशावर पाठवलं होतं. तरीही मी ऐकलं, ही चूक माझीच. तंबू वरच्या टप्प्यावर हलवला, होडी झाडाला बांधली.

दुसऱ्या दिवशी साडेचारच्या सुमारास नदी थांबली. धार अशी उरलीच नाही. मग तरंगणारी पानं उलटी, उगमाकडे निघाली. पाखरं गप्प होती. राखाडी पाणी आवाज न करता वर आलं, तंबूच्या खुंट्यांपर्यंत पोचलं, थोडा वेळ तसंच राहिलं आणि उतरलं. मागे गवतावर, तव्यातल्या बॅनक रोटीवर, माझ्या बुटांवर बोटभर चिखल राहिला.

त्या चिखलात पेन्सिलीएवढी भोकं होती. एका भोकाच्या तोंडाशी काहीतरी फिकट वळवळलं आणि आत ओढलं गेलं. ओडीलनं गुडघे टेकून चिखलावर पंजा ठेवला.

"मामा, गरम आहे."

महिन्यापूर्वी बर्फ वाहत होता त्या नदीत! मी वाकून हात लावला. आजारी जनावराच्या पोटावर हात ठेवल्यासारखं वाटलं.

"ऊठ."

"कड्यात हीच भोकं आहेत. दगड झालेली. ही बघ, ही तर अजून..."

तिचं बोलणं मी ऐकून घेतलं नाही. दंड धरून तिला होडीत बसवलं. तंबू, अवजारं, सगळं तिथेच राहिलं. ओडीलच्या मुठीत मात्र चिखलाचा गोळा होता.

खालच्या वस्तीवर माझा चुलत भाऊ राहतो. तो दिवसभर जाळी लावून बसला होता. नदी बोटभरही चढली नाही, म्हणाला.

ओडीलनं तो गोळा प्रयोगशाळेत तपासायला पाठवला. दोन महिन्यांनी उत्तर आलं: यातले शिंपले फार पूर्वी नामशेष झालेल्या जातीचे आहेत, नमुना कुठल्या खडकातून फोडलात? तिनं खरं ते कळवलं. त्यांना थट्टा वाटली. पुन्हा पत्र आलं नाही. माझ्या स्वयंपाकघरात ते एकमेव उत्तर वाचून दाखवताना ती हसली, आणि मग हुंदके देऊन रडली.

जून आला की ती अजूनही विचारते, "येतोस, मामा?"

मी नाही म्हणतो. एकटी ती जात नाही.